फेअर म्हणजे गोरी की फेअर म्हणजे रास्त?

इंग्रजी न शिकलेल्या बाईलाही इंग्रजीतले काही शब्द पाठ असतात. रिपोर्ट, कोर्ट, डिलिव्हरी, टेन्शन. त्यांच्याच जोडीने आपल्या घरात शिरलेला आणखी एक शब्द म्हणजे ‘फेअर’. शाळेतल्या पोराला रफ वही वेगळी लागते आणि फेअर वही वेगळी. लग्नाच्या बायोडेटात मुलीच्या उंचीखाली ‘वर्ण : फेअर’ असं लिहिलेलं असतं. रेशनच्या दुकानाला सरकारी कागदात ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणतात. कामाच्या ठिकाणी कुणा बाईने तक्रार केली, की साहेब सांगतात, ‘आपण फेअर चौकशी करू.’ आणि कॉलेजात जाणारी आपली मुलगी भावाला रात्री बाहेर सोडलेलं पाहून म्हणते, ‘आई, हे फेअर नाही हं.’

शब्द एक आणि अर्थ पाच. तसे अनेक अर्थांचे शब्द प्रत्येक भाषेत असतात, त्यात नवल काही नाही. पण या शब्दातले दोन अर्थ आपल्या, म्हणजे बायांच्या, आयुष्याशी फार जवळून भिडलेले आहेत. एक अर्थ ‘गोरी’ आणि दुसरा ‘न्याय्य’. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर गेली बारा वर्षं मी कुटुंब सल्ला केंद्रात आणि वस्तीत काम करते आहे. या काळात समोर बसलेल्या बायांकडून पहिल्या ‘फेअर’ची मागणी सतत होताना पाहिली, आणि दुसऱ्या ‘फेअर’साठी त्यांना वर्षानुवर्षं हेलपाटे घालताना पाहिलं. म्हणून या शब्दाकडे जरा नीट बघावंसं वाटलं.

आधी शब्दाची हकीकत. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सुंदर, मनाला भावणारा, डाग नसलेला असा होता. ढग नसलेलं आकाश म्हणजे फेअर हवा. खाडाखोड नसलेला कागद म्हणजे फेअर प्रत, त्यातूनच आपली फेअर वही. लबाडीचा डाग नसलेला व्यवहारही मग फेअर झाला, म्हणजे सचोटीचा, न्याय्य. आणि ज्या समाजात हा शब्द वापरला जात होता त्या समाजाने सुंदर म्हणजे उजळ कातडीचं असं ठरवल्यामुळे गोरा रंगही फेअर झाला. शेक्सपिअरची सुनीतं १६०९ साली छापली गेली. त्यांतली जी एका सावळ्या, काळ्या डोळ्यांच्या स्त्रीविषयी आहेत, त्यांत तो याच शब्दाच्या दोन अर्थांवर खेळलेला दिसतो. म्हणजे सुंदर आणि गोरं यांची सांगड किती पक्की आहे, हे त्या काळच्या लिहिणाऱ्यांनाही जाणवत होतं.

याच भाषेने समस्त स्त्रीजातीला ‘फेअर सेक्स’ असं नाव दिलं. वरवर पाहता ती स्तुती वाटते. पण ज्या काळात या ‘सुंदर जाती’चे गोडवे गायले जात होते, त्या काळात इंग्लंडमधल्या विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येत नव्हती. तो हक्क तिला १८८२ च्या कायद्याने मिळाला. मतासाठी तर १९१८ उजाडावं लागलं, तेही तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायांनाच. फेअर म्हणून नावाजलेल्यांच्या वाट्याला फेअर वागणूक मात्र आली नाही.

आपल्या मराठीत या अर्थांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. रंगाला गोरा, भावाला रास्त, न्यायाला निःपक्ष, मजुरीला वाजवी, अक्षराला सुवाच्य, हवेला निरभ्र. म्हणून आपण निर्दोष आहोत असं मात्र समजू नये. ‘उजळ माथ्याने’ फिरतो तो प्रामाणिक आणि ‘तोंड काळं करते’ ती बदफैली, हे आपलंच मराठी आहे. मुलगी ‘रंगाने डावी’ आहे, असं आपल्याच आज्या-मावश्या बोलतात. ‘काळी आहे, पण नाकीडोळी नीटस,’ या वाक्यातल्या ‘पण’मध्ये सगळं आलं. ज्या महाराष्ट्राचा देव सावळा, ज्या महाराष्ट्रात जमिनीला काळी आई म्हणतात, तिथे मुलीचा रंग मात्र चुलीवरच्या तव्याशी ताडून पाहिला जातो. तेव्हा दोष एकट्या इंग्रजीचा नाही. इंग्रजीने इतकंच केलं, की आपल्या जुन्या हावेला एक चकचकीत नाव दिलं.

ते नाव ट्यूबवर छापून १९७५ साली बाजारात आलं. योगायोग पाहा, तेच आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. ‘फेअर अँड लव्हली’ने पुढची पंचेचाळीस वर्षं देशभरातल्या मुलींना एकच गोष्ट सांगितली : तुला नोकरी मिळत नाही, स्थळ येत नाही, बाप उदास आहे, कारण तुझा रंग. अशाच जाहिरातींवर अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, पाठपुरावा केला, आणि २००३ मध्ये त्या जाहिराती बंद पडल्या. चेन्नईहून २००९ मध्ये ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम सुरू झाली. २०१४ मध्ये जाहिरात व्यवसायाच्या स्वतःच्या मानक परिषदेने नियम केला, की सावळी व्यक्ती दुःखी, मागे पडलेली किंवा लग्नाला न खपणारी अशी दाखवायची नाही. आणि २०२० मध्ये, अमेरिकेत कृष्णवर्णीयांवरच्या अत्याचारांविरुद्ध आंदोलन पेटल्यावर, कंपनीने नावातून ‘फेअर’ काढला आणि ‘ग्लो’ घातला. त्याच सुमारास शादी डॉट कॉम या विवाह संकेतस्थळाने रंगानुसार स्थळ निवडायची सोय काढून टाकली.

या यशात आपल्या चळवळीचा वाटा आहे आणि त्याचा अभिमान बाळगायलाच हवा. पण ट्यूबवरचा शब्द गेला म्हणून मागणी गेली का? माझ्या वस्तीतल्या मुलींना दुकानदार आता ‘ग्लो’, ‘ब्राइट’, ‘व्हाइट’ असं काहीबाही देतो. काहीजणी खरूज-नायट्यावरची, स्टेरॉइड असलेली मलमं महिनोन् महिने चेहऱ्याला लावतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा सरकारचा नियम आहे, तरी ती मिळतात. कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात आग होते. काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. पारा कातडीचा रंग बनू देत नाही म्हणून आठ-पंधरा दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो, पण तोच पारा अंगात मुरून मूत्रपिंड निकामी करू शकतो. आरोग्य शिबिर घेणाऱ्या आपल्या गटांनी पाळी, रक्तक्षय यांच्याबरोबर या क्रीमचाही विषय घ्यायला हवा. ‘हे लावू नकोस’ एवढं सांगून भागत नाही. ती का लावते, हे आधी ऐकून घ्यावं लागतं. ती लावते कारण तिच्या रंगाचा हिशोब कुणीतरी हुंड्यात मांडणार आहे, हे तिला पक्कं माहीत असतं. केंद्रात आलेल्या एका आईने मला सरळ सांगितलं होतं, ‘ताई, हिच्या रंगाचे आम्ही दोन तोळे जास्त मोजले.’

आता या दोन फेअरची गाठ कोर्टात पडते तेव्हा काय होतं ते पाहू. गेल्या काही वर्षांत रंगाच्या टोमण्यांबद्दल तीन उच्च न्यायालयांचे निकाल आले. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका नवऱ्याला घटस्फोट दिला. बायको त्याला काळा म्हणून हिणवत होती, शिवाय त्याच्यावर अनैतिक संबंधांचे खोटे आरोप केले होते, ही क्रूरता आहे असं न्यायालयाने म्हटलं. डिसेंबर २०२३ मध्ये छत्तीसगढ उच्च न्यायालयापुढे उलट प्रकरण आलं. बायकोचं म्हणणं होतं की सावळ्या रंगावरून नवऱ्याने छळ करून तिला घराबाहेर काढलं. न्यायालयाने नवऱ्याला घटस्फोट नाकारला आणि गोऱ्या कातडीचं वेड समाजाने सोडायला हवं असंही सुनावलं. आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या खटल्याचा निकाल दिला. १९९५ साली एका विवाहितेने आत्महत्या केली होती. रंगावरून टोचून बोलणं, दुसरं लग्न करीन म्हणून धमकावणं, असा छळ झाल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये नवऱ्याला शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ही घरगुती भांडणं आहेत, फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेला छळ नव्हे, असा त्याचा सूर होता.

हे तीन निकाल एका तराजूत टाकणं बरोबर नाही, हे मला कळतं. घटस्फोटाला लागणारा पुरावा वेगळा आणि माणसाला तुरुंगात पाठवायला लागणारा पुरावा वेगळा. तो वेगळाच असायला हवा, कारण आरोपीलाही फेअर खटला मिळणं हा आपल्याच लोकशाहीचा पाया आहे. तरी एक प्रश्न उरतोच. काळा म्हणून हिणवलं तर मनाला किती लागतं, हे कोण ठरवणार? ज्याच्या कानावर ते रोज तीन वेळा, स्वयंपाक करताना, वाढताना आणि निजताना पडतं तो, की ज्याने ते कागदावर एकदा वाचलं तो? ‘घरगुती भांडण’ या दोन शब्दांत किती बाया गडप झाल्या आहेत, हे आपल्या केंद्रांतल्या नोंदवह्या सांगतील.

इथेच मला या शब्दाची खरी मेख सापडते. फेअर हा मोजून ठरणारा शब्द आहे. रंग असो, भाव असो, मजुरी असो की न्याय, ‘हे फेअर आहे’ असं म्हणणारा कुणीतरी एक असतो आणि त्याच्या हातात काटा असतो. बाई बहुतेक वेळा काट्यावर असते. काटा धरणारी क्वचितच असते.

रेशन दुकानाचंच उदाहरण घ्या. ‘फेअर प्राइस’ला आपल्याकडे ‘रास्त भाव’ हा फार चांगला प्रतिशब्द रूढ झाला. रास्त म्हणजे सरळ, योग्य. पण रास्त भाव फलकावर लिहून मिळत नाही, हे मुंबईच्या बायांनी १९७२ मध्येच ओळखलं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. हजारो गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल यांचा भाव काय असावा हे मंत्री आणि व्यापारी ठरवत होते. रोज चूल पेटवणारी बाई म्हणाली, भाव रास्त आहे की नाही ते मी सांगणार. काटा धरण्याचा तो हक्क होता.

त्या हक्काची थोडी नोंद २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात झाली. रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख असेल, असं त्यात आहे. दुकानांचे परवाने देताना बचत गटांसारख्या संस्थांना प्राधान्य द्यावं आणि दुकानं बायांनी चालवावीत, असंही आहे. जानेवारी २०२३ पासून या कायद्याखालचं धान्य फुकट मिळतं. भाव शून्य झाला, पण म्हणून सगळं रास्त झालं का? कष्ट करून ज्यांच्या बोटांच्या रेषाच पुसल्या गेल्या त्यांचा अंगठा यंत्र घेत नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं नाव सासरच्या कार्डावर अडकून पडतं, आणि ते कमी करून घ्यायला ज्याने टाकलं त्याच्याच दारात जावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या दहाजणींपैकी तिघीचौघींची पहिली अडचण पोटगी नसते, रेशनकार्ड असतं.

मजुरीचं गणित तर आणखी बोलकं आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच, १९४८ मध्ये, सरकारने ‘फेअर वेजेस’साठी समिती नेमली. समितीने मजुरीच्या तीन पायऱ्या सांगितल्या : जगण्यापुरती किमान मजुरी, सन्मानाने जगण्याइतकं निर्वाह वेतन, आणि या दोहोंच्या मधली वाजवी म्हणजे फेअर मजुरी. वाजवी किती, हे ठरवताना धंद्याची ऐपत आणि चालू दर पाहायचे होते. ऐकायला हे ठीक वाटतं. पण बाईच्या कामाचा चालू दरच मुळात पाडलेला असेल तर? खुरपणी बाईची म्हणून दर कमी, फवारणी पुरुषाची म्हणून दर जास्त. दिवसभर कंबर वाकवून करायच्या कामाला ‘हलकं काम’ म्हणायचं आणि मग त्या दराला वाजवी म्हणायचं. पुढे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशोब मांडला. कमावत्या माणसामागे तीन एककं धरली : पुरुष एक, बायको ०.८ आणि दोन मुलं प्रत्येकी ०.६. बायकोची कमाई हिशोबात धरायची नव्हती. म्हणजे घरातली बाई खाणारी म्हणून पाऊणाहून जरा जास्त आणि कमावणारी म्हणून शून्य. शिबिरात हे आकडे फळ्यावर लिहून पाहा. पहिल्यांदा बाया हसतात. मग कुणीतरी विचारते, ‘हे ०.८ कुणी मोजलं?’ तिथून चर्चा सुरू होते.

१९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा आला. त्याचा आधार घेऊन मुंबईतल्या एका मोठ्या जहाज कंपनीतल्या महिला लघुलेखिकेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९८७ मध्ये ती जिंकली. पुरुष लघुलेखक जे काम करतो तेच बाई करते, तर पगार कमी का, एवढाच तिचा प्रश्न होता. पण कायदा आला की पळवाटही येते, आणि पळवाट पुष्कळदा शब्दांतूनच जाते. अंगणवाडी ताई आणि आशा यांना मिळतो तो पगार नव्हे, ‘मानधन’. पगार म्हटलं तर वाजवी आहे का असं विचारता येतं. मानधन म्हटलं की आभार मानून घ्यायचं. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ‘मानधन’ या शब्दात मान बाईला आणि धन दुसऱ्याला, असं आमची एक कार्यकर्ती म्हणते, ते काही खोटं नाही.

आता शेवटचा आणि माझ्या कामाच्या सर्वांत जवळचा अर्थ : फेअर म्हणजे निःपक्ष. पासपोर्ट जप्तीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलं, की कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, कुठलीही चालणार नाही. फार मोठा निकाल. पण त्याच वर्षी त्याच न्यायालयाने देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या १९७२ च्या बलात्काराच्या खटल्यात दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्या आदिवासी मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिची संमती होती, असा तर्क होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर निदर्शनं झाली, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात ‘माझी संमती नव्हती’ असं ती म्हणाली तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं असं ठरलं. तरीही फिर्यादी बाईचं चारित्र्य काढण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यात २००३ पर्यंत होती. दोन बोटांची ती अपमानास्पद तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं, की ती करणाऱ्यावर कारवाई होईल.

या साऱ्या वर्षांत कुठलंच न्यायालय म्हणालं नाही, की आम्ही अनफेअर वागतो. प्रत्येक वेळी पद्धत निःपक्षच होती. पण ती ज्या मापाने मोजत होती ते माप पुरुषाच्या अनुभवाचं होतं. प्रतिकार केला तर जखम होणारच, हे कुणाचं माप? पोलीस ठाण्यात दोन पोलिसांसमोर गोठून गेलेल्या मुलीचं तर नव्हे.

आज हाच प्रश्न आपल्यापुढे वेगळ्या रूपात येतो. लैंगिक छळाविरोधी २०१३ च्या कायद्याखाली कामाच्या ठिकाणी समित्या आहेत आणि त्यांत बाहेरची सदस्य म्हणून आपल्यापैकी अनेकजणी जातात. तिथे पहिल्याच बैठकीत ऐकावं लागतं, ‘मॅडम, तुम्ही संघटनेच्या. पण इथे फेअर राहा.’ या ‘फेअर’चा अर्थ असतो, दोघांपासून सारख्या अंतरावर उभ्या राहा, फार प्रश्न विचारू नका, जमलं तर मिटवा. कुटुंब सल्ला केंद्रातही तेच. ‘टाळी एका हाताने वाजत नाही, दोन्ही बाजू बघा.’

दोन्ही बाजू ऐकायलाच हव्यात. माझा त्याला विरोध नाही. त्याला त्याच्यावरच्या आरोपाची प्रत मिळावी, त्याचं म्हणणं पूर्ण नोंदवलं जावं, त्याचे साक्षीदार तपासले जावेत, निष्कर्षाला कारणं असावीत. यात कसूर झाली तर ती बाईच्याही विरोधात जाते, कारण अशी चौकशी वरच्या पायरीवर टिकत नाही. पण दोन्ही बाजू ऐकणं म्हणजे दोन्ही बाजूंचं बळ सारखं आहे असं धरून चालणं नव्हे. तो विभागप्रमुख आणि ती कंत्राटी. तिचा करार मार्चमध्ये संपतो आणि तो वाढवणं त्याच्या हातात. साक्षीदार त्याच्याच हाताखालचे. अशा वेळी मधोमध उभं राहणारा माणूस जड पारड्याच्या बाजूलाच असतो. कायद्यालाही हे कळलेलं आहे. म्हणूनच चौकशी चालू असताना बदली किंवा रजा मागण्याची सोय त्याने तक्रारदार बाईला दिली. समेट तिने मागितला तरच करायचा आणि तो पैशांवर करायचा नाही, असंही म्हटलं. नव्वद दिवसांत चौकशी संपवा, कारण लांबण लावणं हासुद्धा एक निकालच असतो. समितीत बसणाऱ्या मैत्रिणींनी ही कलमं पाठ ठेवावीत, आणि ‘फेअर राहा’ म्हणणाऱ्याला विचारावं, ‘म्हणजे नेमकं काय करू? कायद्यात लिहिलंय ते, की तुम्हाला सोयीचं आहे ते?’

या शब्दाला आणखी दोन अर्थ आहेत, तेही लक्षात ठेवण्यासारखे. प्रगतिपुस्तकात ‘फेअर’ हा शेरा ‘गुड’च्या खालचा असतो. म्हणजे जेमतेम, बरा. आपल्याला फेअर वागवल्याचं सांगितलं जातं, तेव्हा अनेकदा हाच फेअर वाट्याला आलेला असतो : मारत तर नाही ना, खायला तर घालतो ना, मग बरंच आहे की. आणि शिकाऱ्यांच्या भाषेत ‘फेअर गेम’ म्हणजे जिची शिकार करायला मुभा आहे असं जनावर. रात्री उशिरा एकटी दिसलेली, नवऱ्याने टाकलेली, दारूच्या गुत्त्यावर काम करणारी, वरातीत नाचणारी बाई या समाजाला कसली फेअर वाटते, ते वेगळं सांगायला नको.

तर मग करायचं काय? भाषेतून शब्द हाकलता येत नाहीत आणि त्याची गरजही नाही. पण आपण तो वापरताना आणि ऐकताना सावध राहू शकतो. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, बचत गटांच्या आणि महिला मंडळांच्या बैठकीत एकदा ठराव करावा, की आपल्या घरातल्या मुलामुलींच्या बायोडेटात रंगाचा रकाना असणार नाही, आणि ज्या स्थळाच्या पत्रिकेत तो असेल त्यांना तसं स्पष्ट कळवायचं. गोष्ट लहान आहे, पण पैसा लागत नाही आणि आजपासून करता येते. दुसरी, आपल्या मागण्यांच्या निवेदनात नुसतं ‘योग्य’ किंवा ‘फेअर’ असं मोघम लिहू नये. किती रुपये, किती दिवसांत, कुठल्या कलमाखाली, ते लिहावं. मोघम शब्दाचा अर्थ नेहमी वरचा माणूस ठरवतो. तिसरी, जिथे जिथे कुणी ‘हे फेअर आहे’ म्हणेल तिथे दोन प्रश्न विचारायची सवय लावावी : कुणासाठी? आणि कुणी मोजलं?

आपल्याकडे ‘रास्त’ हा जुना, सरळ शब्द आहे. त्याला कातडीचा रंग माहीत नाही. गोरी बाई असते, पण रास्त बाई असं कुणी म्हणत नाही. रास्त असतो तो भाव, मजुरी, मागणी आणि न्याय. तेवढाच फेअर आपल्याला हवा आहे. आपापल्या गटात या शब्दावर चर्चा करा, तुमच्याकडे तो कुठे कुठे ऐकू येतो ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यावर बोलता येईल.